कॅनाबिसचं औषध: आधी मिलिग्रॅमचा हिशेब, मग कायद्याची कागदपत्रं

‘गांजाचं तेल’ हे औषधाचं नाव नाही. ‘पांढरी गोळी’ एवढ्यावर कुणी रक्तदाबाचं औषध घेत नाही, तसंच हे. तेलात कोणता रेणू आहे, एका मिलीत तो किती मिलिग्रॅम आहे, कशासाठी घ्यायचा, किती वाजता घ्यायचा आणि फायदा झाला की नाही हे किती दिवसांनी तपासायचं, या पाच गोष्टी कागदावर नसतील तर बाटली उघडायचीच नाही. मात्रा ठरवणं डॉक्टरांचं काम. पण ठरलेली मात्रा नीट मोजणं, काय बिघडतंय ते वेळेत ओळखणं आणि कायद्याच्या कचाट्यात न सापडणं हे रुग्णाला आणि घरच्यांनाच करावं लागतं.

कॅनाबिस म्हणजे गांजाचं झाड. त्यात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड, म्हणजे या झाडाचे खास रेणू आहेत. उपचारात कामाचे मुख्यतः दोन. टीएचसी मेंदूतल्या सीबी-१ या ग्राहींवर काम करतो. नशा, वाढलेली भूक, कमी झालेली मळमळ, सैल पडलेले स्नायू, वाढलेले हृदयाचे ठोके, हे सगळं त्याचं. सीबीडीने नशा चढत नाही. म्हणून तो निरुपद्रवी, असा समज मात्र करून घेऊ नका: यकृतावर ताण आणणं आणि दुसऱ्या औषधांची रक्तातली पातळी वर-खाली करणं यात सीबीडीच पुढे आहे. (टीएचसी शुद्ध रूपात १९६४ साली राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळा काढला. पुढे १९९२ मध्ये याच ग्राहींवर काम करणारा शरीरातला स्वतःचा रेणू सापडला, तेव्हा त्याला संस्कृत ‘आनंद’वरून अनॅन्डामाइड हे नाव मिळालं.)

कशासाठी उपयोग आहे, कशासाठी नाही

भक्कम पुरावा मोजक्याच ठिकाणी आहे. ड्रावे सिंड्रोम, लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम आणि ट्यूबरस स्क्लेरोसिस या आजारांतल्या हट्टी आकड्यांसाठी (फिट्ससाठी) शुद्ध सीबीडीचं द्रावण वापरतात. एपिडिओलेक्स या नावाने त्याला अमेरिकेत पहिल्या दोन आजारांसाठी जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. केमोथेरपीच्या उलट्या नेहमीच्या औषधांनी थांबत नसतील तर नॅबिलोन किंवा ड्रोनॅबिनॉल ही टीएचसीच्या धर्तीची, तोंडाने घ्यायची औषधं देतात. दोन्हींना अमेरिकेत १९८५ मध्ये मंजुरी मिळाली. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू आखडतात, त्यासाठी टीएचसी आणि सीबीडी जवळपास समप्रमाणात असलेला तोंडातला फवारा आहे, नॅबिक्सिमॉल्स.

जुनाट वेदनांचं चित्र इतकं स्पष्ट नाही. काहींना थोडा आराम पडतो, पण वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये पुरावा अपुरा म्हणून याची शिफारस करायला नकार दिला. काचबिंदूत डोळ्यांतला दाब उतरतो खरा, पण तीन-चार तासांपुरता; दिवसरात्र दाब ताब्यात ठेवायचा तर माणूस कायम नशेतच राहील. त्यासाठी रोजचे थेंब कितीतरी चांगले. आणि कर्करोग याने बरा होतो, या दाव्याला माणसांमधल्या चाचण्यांचा आधार नाही. त्या भरवशावर चालू उपचार सोडणं हा यातला सगळ्यात घातक वापर.

सुरू करण्याआधी

डॉक्टरांना या गोष्टी न विचारता सांगा: स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात कुणाला सायकोसिस (भास-भ्रमाचा मानसिक आजार) किंवा स्किझोफ्रेनिया झाला आहे का, अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), अलीकडचा हृदयविकाराचा झटका किंवा ठोक्यांची अनियमितता आहे का, गर्भारपण आहे किंवा बाळ अंगावर पितंय का, यकृताचा आजार आहे का, पूर्वी कोणत्याही नशेची सवय होती का. सायकोसिस आणि अस्थिर हृदयविकार असेल तर टीएचसी नाहीच. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना दोन्ही रेणू टाळायचे. पंचविशीच्या आतल्यांना टीएचसी देताना हात आखडता घेतात, कारण मेंदूची वाढ तोवर चालू असते.

एक बारीक गोष्ट हमखास सुटते. एपिडिओलेक्स आणि ड्रोनॅबिनॉलच्या कॅप्सूल, दोन्हींत तिळाचं तेल असतं. तिळाची ॲलर्जी असेल तर ते आधीच बोला.

सीबीडी मोठ्या मात्रेत सुरू करायचं असेल तर एएलटी, एएसटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या तपासण्या आधी, मग १, ३ आणि ६ महिन्यांनी करतात. सोबत व्हॅल्प्रोएट हे आकडीचं औषध चालू असेल तर यकृताचे आकडे चढण्याचा धोका बराच वाढतो, त्यामुळे तपासण्या आणखी लवकर लवकर होतात.

लेबल वाचायचं कसं

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

बाटलीवर तीन तऱ्हांनी आकडा लिहिलेला सापडतो: पूर्ण बाटलीतले एकूण मिलिग्रॅम, एका मिलीतले मिलिग्रॅम, किंवा टक्के. कामाचा आकडा एकच, प्रति मिली मिलिग्रॅम. ३० मिलीच्या बाटलीवर ‘टीएचसी ३०० मिग्रॅ’ असेल तर ३०० ला ३० ने भागा: १० मिग्रॅ प्रति मिली. टक्के लिहिले असतील तर साधारण १ टक्का म्हणजे १० मिग्रॅ प्रति मिली. ५ टक्क्यांच्या तेलात ५०. आता २.५ मिग्रॅ टीएचसी घ्यायचं असेल तर पहिल्या तेलाचे ०.२५ मिली आणि दुसऱ्याचे ०.०५ मिली. बाटली बदलली आणि ‘नेहमीइतकंच’ तेल घेतलं, तर मात्रा पाचपट होते. नव्या बाटलीचा पहिला दिवस म्हणूनच सगळ्यात धोक्याचा.

थेंब मोजू नका. तेलाचा दाटपणा, ड्रॉपरचं तोंड आणि बाटली धरण्याचा कोन यांवर थेंबाचा आकार बदलतो. सुई नसलेली १ मिलीची तोंडाने औषध द्यायची सिरिंज घ्या. तिच्या नळीवर ०.०५ किंवा ०.०१ मिलीच्या खुणा असतात.

वाळलेल्या फुलांचा हिशेब आणखी फसवा. ताज्या आणि वाळवलेल्या फुलात टीएचसी थोडा, त्याचं आम्लरूप टीएचसीए जास्त. उष्णता लागली की टीएचसीएमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतो. वजन त्या प्रमाणात घटतं, म्हणून टीएचसीएच्या आकड्याला ०.८७७ ने गुणून टीएचसीचा आकडा त्यात मिळवायचा. टीएचसीए २० टक्के आणि टीएचसी १ टक्का असेल तर एकूण १८.५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ०.१ ग्रॅम फुलात साधारण १८.५ मिग्रॅ. श्वासातून घेताना यातला काही भागच रक्तात पोहोचतो, आणि तो दर झुरक्याला वेगळा असतो. अचूक मात्रा हवी असेल तर फुलं हा वाईट पर्याय आहे.

लेबलवर आंधळा विश्वास नको. अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेली ८४ सीबीडी उत्पादनं तपासली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लेबलवरचा आकडा खरा निघाला तो जेमतेम ३१ टक्क्यांचा, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडला. त्यामुळे औषध म्हणून मंजूर नसलेल्या कुठल्याही तेलासाठी बॅचचं प्रयोगशाळा-प्रमाणपत्र मागा. त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता आहे का, एवढं आधी पाहा. मग शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, कीटकनाशकं, उरलेले द्रावक आणि बुरशी यांचे रकाने. फक्त टीएचसी-सीबीडीचे आकडे दाखवणारं प्रमाणपत्र अर्धवट समजा. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णाला बुरशीचा रकाना जिवावर बेतू शकतो.

कुठल्या वाटेने घ्यायचं

पोटातून घेतलेलं औषध अर्ध्या ते दोन तासांनी जाणवायला लागतं आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतं. यकृतात टीएचसीचा ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतो आणि तोही नशा आणणाराच, म्हणून खाल्लेला टीएचसी ओढलेल्यापेक्षा जड वाटतो. श्वासातून काही मिनिटांत परिणाम दिसतो आणि दोन ते चार तासांत ओसरतो. जिभेखाली ठेवलेलं तेल या दोन्हींच्या मधलं, पण बरंचसं गिळलं जातं आणि मग ते पोटातल्यासारखंच वागतं.

ओढणं नकोच; जळलेल्या पानाच्या धुरात डांबर येतं. श्वासातूनच द्यायचं ठरलं तर वैद्यकीय मान्यतेचा व्हेपोरायझर साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसवर वापरतात, त्यात फूल जळत नाही. तोंडाने घ्यायचं तेल मात्र कधीही त्यात घालू नका. तेल फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपिंगमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली, ६८ जण दगावले. तिचा मुख्य संशयित होता बेकायदा टीएचसी कार्ट्रिजमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट.

मात्रा वाढवण्याची शिस्त

जुनाट वेदनांसाठी तज्ज्ञांच्या एका गटाने २०२१ मध्ये सहमतीने जी पद्धत सुचवली, तिचा सांगाडा असा: सीबीडी ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, दर दोन-तीन दिवसांनी दिवसाची मात्रा १० मिग्रॅने वाढवत ४० मिग्रॅपर्यंत. तेवढ्याने भागलं नाही तरच टीएचसी २.५ मिग्रॅ, आणि तोही दर दोन ते सात दिवसांनी २.५ मिग्रॅने, कमाल ४० मिग्रॅ रोज. वयस्कर, अशक्त किंवा बरीच औषधं चालू असलेल्या रुग्णाला १ मिग्रॅपासून. आमच्या मते दोन दिवसांची घाई कुणीच करू नये, आठवड्याला एक पायरी पुरे. टीएचसीची पहिली मात्रा रात्री, झोपताना घ्या. चक्कर आली तरी माणूस अंथरुणातच असतो. रात्री लघवीला उठताना मात्र आधी दोन मिनिटं बसायचं, कारण उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो.

नॅबिक्सिमॉल्सच्या एका फवाऱ्यात २.७ मिग्रॅ टीएचसी आणि २.५ मिग्रॅ सीबीडी असतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी एकच फवारा, मग दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत दिवसाला जास्तीत जास्त १२. दोन फवाऱ्यांत किमान १५ मिनिटं जाऊ द्यायची. फवाऱ्यातल्या अल्कोहोलमुळे तोंड चुरचुरतं, म्हणून दर वेळी जागा बदला: कधी गालाच्या आत, कधी जिभेखाली. चार आठवड्यांत स्नायूंचा ताठपणा स्पष्ट कमी झाला नाही तर औषध बंद.

आकड्यांसाठीचं शुद्ध सीबीडी वजनावर चालतं. द्रावण १०० मिग्रॅ प्रति मिली. २० किलोच्या मुलाला सुरुवातीला किलोमागे २.५ मिग्रॅ दोनदा, म्हणजे दर वेळी ५० मिग्रॅ, ०.५ मिली. आठवड्याने दुप्पट: १ मिली दोनदा. ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टोमध्ये गरजेप्रमाणे किलोमागे दिवसाला २० मिग्रॅपर्यंत, म्हणजे २ मिली दोनदा. आता आठवड्यानंतरच्या मात्रेचे हेच २०० मिग्रॅ रोज कुणी बाहेरच्या १ टक्का सीबीडीच्या तेलातून द्यायला गेलं तर रोज २० मिली तेल लागेल, आणि त्या तेलात ०.२ टक्के टीएचसी असेल तर मुलाच्या पोटात रोज ४० मिग्रॅ टीएचसी जाईल, म्हणजे मोठ्या माणसाची कमाल मात्रा. ‘त्यात टीएचसी नावालाच आहे’ हे वाक्य म्हणून टक्क्यांत नाही, मिलिग्रॅममध्ये तपासायचं.

सीबीडी जेवणाबरोबर घ्यायचं की उपाशीपोटी, हे एकदा ठरवा आणि तेच पाळा. तुपकट जेवणाबरोबर घेतल्यास रक्तात साधारण चौपट शोषलं जातं. एक दिवस उपाशीपोटी, दुसऱ्या दिवशी भरल्या पोटी असं चाललं की मात्रा तीच असूनही कधी आकड्या वाढतात, कधी मूल दिवसभर पेंगतं, आणि दोष औषधाला लागतो.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, त्रास दहापैकी किती, झोप, दुष्परिणाम. डॉक्टर चार आठवड्यांनी ही वहीच बघतील. ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर मात्रा वाढवता येत नाही.

काय बिघडतं आणि का

सगळ्यात नेहमीची चूक: तासाभरात काही जाणवलं नाही म्हणून दुसरी मात्रा घेणं. मग दोन्ही एकदम चढतात. तोंडाने घेतल्यावर त्या दिवशी मात्रा वाढवायचीच नाही, हा सरळ नियम. टीएचसी जास्त झाला तर घबराट, धडधड, ओकारी, जमीन सरकल्यासारखं वाटणं असं होतं. शांत खोली, सोबतीला माणूस, पाणी. बहुतेक वेळा काही तासांत उतरतं. छातीत दुखणं, बेशुद्धी, भ्रम किंवा आकडी आली तर रुग्णालय. लहान मुलाने चुकून गिळलं असेल तर लक्षणं दिसण्याची वाट पाहू नका, मुलाला घेऊन निघा आणि बाटली सोबत न्या. मुलांमध्ये श्वास मंदावू शकतो.

महिनोन्महिने टीएचसी घेणाऱ्याला अचानक वारंवार उलट्या होऊ लागल्या आणि गरम पाण्याने अंघोळ केल्यावरच बरं वाटत असेल, तर तो बहुधा कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस. उलटी थांबावी म्हणून माणूस आणखी टीएचसी घेतो आणि ती वाढत जाते. इलाज एकच, पूर्ण बंद. एरवी मात्र रोजचा टीएचसी एकदम तोडू नका, टप्प्याटप्प्याने उतरवा. नाहीतर एक-दोन दिवसांत चिडचिड आणि निद्रानाश सुरू होतो आणि दोनेक आठवडे छळतो. आकड्यांसाठी चालू असलेलं सीबीडी एकदम थांबवलं तर आकड्या उसळतात.

दुसऱ्या औषधांशी होणाऱ्या कुरबुरींपैकी चार तरी लक्षात ठेवा. क्लोबाझाम (आकडीचं औषध): सीबीडीमुळे त्याचा शरीरात तयार होणारा सक्रिय भाग साठतो आणि मूल सारखं झोपून राहतं, अशा वेळी बहुधा क्लोबाझाम कमी करतात. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध): रक्त जास्त पातळ होतं, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) लवकर तपासा. टॅक्रोलिमस (प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात ते औषध): पातळी चढते, प्रत्यारोपण झालेल्यांनी आधी विचारल्याशिवाय थेंबही नाही. आणि कॅनाबिस ओढणाऱ्यांत क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधाची पातळी उतरते, कारण धुरामुळे यकृतातलं सीवायपी१ए२ हे विकर वेगाने काम करतं. दारू, झोपेच्या गोळ्या आणि ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं) यांच्याबरोबर गुंगी वाढते, हे वेगळं सांगायला नको. भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञाला शेवटची मात्रा कधी घेतली ते खरं सांगा. संकोच तिथे महागात पडतो.

कायदा कुठून तपासायचा

पाया आहे १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांबाबतचा एकल करार. त्यात कॅनाबिस म्हणजे फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याची व्याख्याही याच वळणाची आहे, म्हणूनच गांजा आणि भांग यांना कायद्यात वेगळी वागणूक मिळते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिसला कराराच्या सर्वांत कडक चौथ्या अनुसूचीतून काढलं. ‘आता जगभर कायदेशीर झालं’ अशा बातम्या तेव्हा फिरल्या; त्या चूक. पहिली अनुसूची कायम आहे आणि तिच्याखाली शेती, साठा, आयात-निर्यात सगळ्याला सरकारी परवाना लागतो.

तुमच्या देशाबद्दल शोधताना ‘कायदेशीर आहे का’ हा प्रश्न फार ढोबळ. तो असा फोडा: कोणत्या स्वरूपात (मंजूर औषध, तेल, फूल), कोणत्या आजारासाठी, कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, किती दिवसांचा साठा, कुठून घ्यायचा. उत्तरं देशागणिक किती बदलतात ते पाहा. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१८ पासून चिठ्ठी मिळते, पण सुरुवात विशेषज्ञ नोंदणीतल्या डॉक्टरनेच करायची. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून साधी चिठ्ठी पुरते, अमली पदार्थांची खास चिठ्ठी लागत नाही. कॅनडात डॉक्टर रोजचे ग्रॅम लिहून देतात, आणि जवळ बाळगायची मर्यादा ३० दिवसांचा साठा किंवा १५० ग्रॅम, यातलं जे कमी ते. अमेरिकेत राज्याचं वैद्यकीय कार्ड असलं तरी माल दुसऱ्या राज्यात नेण्याला केंद्रीय कायद्याचं संरक्षण नाही.

‘सीबीडी आहे, त्याला काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी जपानचं उदाहरण. डिसेंबर २०२४ पासून तिथे तेलात टीएचसी १० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १० भाग) जास्त चालत नाही. काही देशांत हेम्पमध्ये (कमी टीएचसीच्या कॅनाबिसमध्ये) टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के असते, म्हणजे ३,००० पीपीएम. त्या मर्यादेला टेकलेलं तेल जपानमध्ये घेऊन उतरलात, तर मर्यादेच्या तीनशेपट टीएचसी तुमच्या पिशवीत.

प्रवासाला निघायच्या किमान महिनाभर आधी ज्या देशात उतरणार आणि जिथे विमान बदलणार, त्या दोन्ही ठिकाणच्या औषध नियामकांना लेखी विचारा. युरोपातल्या शेंगेन करारातल्या देशांदरम्यान त्या कराराच्या कलम ७५ चं प्रमाणपत्र चालतं: डॉक्टरांची सही, अधिकृत शिक्का, प्रत्येक औषधाला वेगळं, जास्तीत जास्त ३० दिवस. शेंगेनबाहेर त्याला किंमत नाही. औषध मूळ डब्यात, लेबलसकट, चिठ्ठीच्या प्रतीसोबत, हातातल्या सामानात. सिरिंज त्याच पिशवीत. उत्तर वेळेत आलं नाही तर औषध न्यायचं नाही. पर्यायी औषध काय, हे डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून घ्या.

गाडी चालवण्याचा नियम वेगळा आणि चिठ्ठीने तो आपोआप सुटत नाही. ब्रिटनमध्ये मर्यादा रक्तात लिटरमागे २ मायक्रोग्रॅम टीएचसी. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेत असाल तर कायदेशीर बचाव आहे, पण गाडी चालवण्यावर परिणाम झालेला असेल तर तोही नाही. मात्रा बदलल्यावर निदान पहिले काही आठवडे चाकामागे बसूच नका. नोकरीत लघवीची तपासणी असेल तर तिथे टीएचसी नव्हे, त्याचा उरलेला भाग शोधतात. तो रोज घेणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे सापडतो, आणि टीएचसीचा अंश असलेल्या सीबीडी तेलानेही सापडू शकतो. तपासणीआधी चिठ्ठी दाखवा, नंतर नाही.

घरी औषध कुलपात, उजेडापासून दूर ठेवा. उजेड आणि उष्णतेने टीएचसीचा सीबीएन हा दुसरा रेणू होत जातो आणि जुन्या तेलाचा जोर कमी होतो. गोळी-चॉकलेटच्या रूपातलं काही घरात असेल तर मुलांच्या खाऊच्या डब्याजवळही नको. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा. एपिडिओलेक्स उघडल्यापासून १२ आठवड्यांत संपवायचं. उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतू नका, कुणाला ‘वापरून बघ’ म्हणून देऊ नका, औषध दुकानाकडे परत करा आणि परत केल्याची पावती घ्या. नियंत्रित औषधाचा हिशेब विचारला गेला तर तीच पावती दाखवायची असते.